पाच नंबरची डबी

१ जानेवारी २०२५, बुधवार. पहाटे ५.००
पीएच.डी.ची नोंदणी ३१ मार्चला संपते. सहा वर्षे झाली, मग दोन मुदतवाढी झाल्या, आता तिसरी नाही. विद्यापीठाच्या पत्रात ‘अंतिम’ हा शब्द ठळक छापला आहे. त्याआधी २४ मार्चला समितीपुढे सादरीकरण. हातात नव्वद दिवस. नव्वद दिवसांत साम्राज्ये कोसळली आहेत. मी इतिहास वाचलेला माणूस आहे, मला तारखांची भीती दाखवू नये.
निश्चय : १) रोज पहाटे पाचला उठणे. २) रोज दोन तास मागच्या खोलीत प्रयोगाचे काम. ३) ३१ मार्चपर्यंत एकही भाषण नाही. ४) प्रत्येक डबीवर लेबल.
(आत्ता खरे तर सात चाळीस झालेत. पण पाचला जाग आली होती आणि निश्चय तेव्हाच झाला. म्हणून वेळ तीच धरली.)

२ जानेवारी, गुरुवार
पिंपळीच्या तरुण मंडळाचे अध्यक्ष दत्तोबा सकाळी सातलाच दारात. त्यांच्या चुलत्यांची दशक्रिया. म्हणाले, “सर, तुमी बोलला न्हाय तर कावळा शिवायचा न्हाय.” गेलो. श्रद्धांजली हे भाषण नव्हे, निश्चय क्र. ३ अबाधित आहे. चाळीस मिनिटे बोललो. मृत्यू, माती, माणूस. मी थांबलो आणि त्याच क्षणी कावळा शिवला. दत्तोबा म्हणाले, “वाटच बघत हुता.”
मागची खोली : उद्या.

५ जानेवारी, रविवार
सादरीकरणाची सुरुवात मनात तयार झाली. विसरू नये म्हणून उतरवतो.
“मित्रहो, बॅटरी वीज पोटात घालते. पचवायला तिला तास लागतात आणि वर्षा-दोन वर्षांत पोट बिघडते. सुपरकपॅसिटर वीज अंगावर वागवतो! इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर प्रभार येऊन नुसते टेकतात. म्हणून तो क्षणात भरतो, क्षणात देतो, आणि हजारो वेळा भरला तरी थकत नाही. तेव्हा सारा प्रश्न पृष्ठभागाचा आहे. छिद्रे जितकी, तितकी जागा. माझ्या एका ग्रॅम कोळशात दोन हजार चौरस मीटर जागा आहे. एका ग्रॅममध्ये वीस गुंठे!”
इथे टाळ्या येतील. थांबायचे.
हा कोळसा मी उजनीच्या फुगवट्यातल्या चिलापी माशांच्या खवल्यांपासून करतो. भिगवणच्या बाजारात ते फेकून देतात. खवले भट्टीत जाळायचे, पोटॅश घालून पुन्हा तापवायचे म्हणजे छिद्रे पडतात, मग आधी आम्लात आणि नंतर पाण्यात सात वेळा धुवायचे. अनिता सरकारी दवाखान्यात औषधे देते, गोळ्यांच्या रिकाम्या पांढऱ्या डब्या तीच आणते. आठ वर्षांत चार डब्या भरल्या. अडतीस ग्रॅम. कोत्या मनाची माणसे म्हणतील, एवढेच? मी म्हणतो, एकोणीस एकर.
लेबले लावायची आहेत.

८ जानेवारी, बुधवार
नरसिंहपूरहून सासूबाई आल्या. तानूबाई. मोतीबिंदूचे ऑपरेशन, आधी उजवा डोळा, महिन्याने डावा. तोवर मुक्काम इथेच. गळ्यात माळ, कांदासुद्धा चालत नाही. अनिताने मला स्वयंपाकघरात नेऊन बजावले, “खवल्याचं नाव घरात काढायचं नाही. कोळसा म्हणायचं.” कबूल केले. विज्ञानाला शब्दांची अडचण नसते.
सासूबाई जावयाशी थेट बोलत नाहीत. मी दोन हातांवर बसलो असलो तरी म्हणतात, “अनिता, जावईबापूंना म्हणावं, च्या घ्या.” अनिताने सांगितल्यावर मी घेतो.

११ जानेवारी, शनिवार
इंदापुरात व्यसनमुक्ती मेळावा. सामाजिक कर्तव्य. भाषण यात मोडत नाही. सभा पेटवली. एका गृहस्थांनी तिथेच खिशातली तंबाखूची पुडी स्टेजवर फेकली. (कार्यक्रम संपल्यावर उचलून नेली, असे ड्रायव्हर म्हणाला. ड्रायव्हर लोक फार संशयी.)
घरी आलो तर मोरीपाशी मिश्रीचा वास. भाजलेल्या तंबाखूची काळी पूड! माझ्या घरात, माझ्या भाषणाच्या दिवशी! जेवताना अनिताला ऐकवले, आवाज मात्र सासूबाईंपर्यंत जाईल असा लावला : “या घरात तंबाखूचा कण राहणार नाही!” सासूबाईंनी पदर पुढे ओढून घेतला. परिवर्तन असेच मुकाट येते.

२० जानेवारी, सोमवार
नव्या वर्षात प्रथमच मागच्या खोलीत गेलो. (मधले दिवस : दोन निरोप समारंभ, एक उद्घाटन, संक्रांतीचे हळदीकुंकू. तिथे पुरुष वक्ता मी एकटाच.) फळीवर डब्या पाहून छाती भरून आली. चार म्हणून माझी समजूत होती. आहेत पाच. काम केल्याचे आठवू नये इतके काम माझ्या हातून झाले आहे.
पाचवी फळीच्या कडेला होती. पूड अगदी बारीक, किंचित तपकिरी झाक. चारांपेक्षा वेगळीच. कधी केली, किती तापमान दिले, वहीत नोंद नाही. प्रतिभेची नोंद नसते. नाव दिले : पाच नंबर. डबी पिशवीत घातली. उद्या कॉलेजला.

२३ जानेवारी, गुरुवार
डॉ. सबिना मॅडमना डबी दिली. मॅडम माझ्या मार्गदर्शक. एकेकाळी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसत. जुने मार्गदर्शक सर निवृत्त झाले आणि विद्यापीठाने माझे नाव यांच्याकडे वर्ग केले. मला त्यात कमीपणा वाटत नाही. अजिबात नाही. इथे एवढेच नोंदवून ठेवतो.
मॅडमनी पूड चिकटवणाऱ्या पदार्थात कालवली, निकेलच्या जाळीवर लेप दिला, ओव्हनमध्ये सुकत ठेवला. मग इकडेतिकडे वास घेत म्हणाल्या, “सर, लॅबमध्ये कुणी तंबाखू मळलीय का?” तिथे लॅब अटेंडंट अल्लाबक्षभाई एकटेच उभे होते. मी त्यांना बाजूला घेऊन वीस मिनिटे समजावले. कुटुंब, फुप्फुस, राष्ट्र. शेवटी ते म्हणाले, “सर, बावीस वर्सं झाली हितं. मी सुपारीबी खात न्हाय.” पकडले गेल्यावर माणूस प्रथम नाकारतो.

२४ जानेवारी, शुक्रवार. दुपारी ३.१०
चारशे अडतीस! चारशे अडतीस फॅरड प्रति ग्रॅम! वीज साठवण्यात साधा कोळसा दीडशे-दोनशेला दमतो. मॅडम पडद्याकडे बघत राहिल्या, आणि म्हणाल्या काय, तर “विचित्र आहे.” मोठ्या गोष्टीसमोर लहान माणसाला हाच शब्द सुचतो. शिवाय : “सर, हे पहिलंच चक्र आहे. पाच हजार वेळा भरू-सोडू, मग बोलू. आणि हा नमुना कसा केलात, ते लिहून आणा.”
लिहून आणायचे आहे.

२७ जानेवारी, सोमवार
सासूबाईंचे डोके दुखते. सारख्या जांभया. काल अनितावर भांडे आपटले. अनिता म्हणते डोळ्यातल्या थेंबांमुळे असेल. एका डोळ्याला पट्टी, दुसऱ्यात मोतीबिंदू, चाचपडत घरभर फिरतात. दुपारी मागच्या अंगणात बसतात, मागच्या खोलीच्या पायरीवर. तिथे त्यांना बरे वाटते म्हणे. बसू द्यावे.

३ फेब्रुवारी, सोमवार
एक आनंदाची नोंद. आज सासूबाई अनिताच्या कुठल्याशा बोलण्यावर हसल्या आणि मी पाहतच राहिलो. दात पांढरे! तीस वर्षांची मिश्रीची काळी रेघ गेलेली! अनिताला म्हणालो, “बघ, शब्दाची ताकद बघ.” अकरा तारखेचे ते एकच वाक्य. इंदापूरकरांना हा दाखला द्यायला हवा.
पाच नंबरची कृती आठवत नाही. उद्या शांतपणे बसून आठवायची.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
चक्रांची चाचणी. पहिल्या चक्राला ४३८. दहाव्याला ३०५. चाळिसाव्याला ५८. भोवतीचे द्रावण तपकिरी झाले. मॅडम म्हणाल्या, “सर, हे चहासारखं झालंय. तुमच्या कोळशातून काहीतरी विरघळून बाहेर येतंय. कोळसा विरघळत नसतो.” मी म्हणालो, सूर्य उगवतानाही आधी रंग बदलतो. म्हणाल्या, “व्हय सर, पण तो मावळतानाही बदलतो.”
आमच्या वर्गात असताना इतके बोलत नसे ही मुलगी.
जाता जाता म्हणाल्या, कॉलेजच्या भट्टीची कॉइल जळली आहे, नवी यायला वेळ लागेल, तेव्हा घरी असलेला कोळसा जपून वापरा. ठीक. एकोणीस एकर आहे.

१९ फेब्रुवारी, बुधवार
शिवजयंती, पिंपळी. (वर्षातला हा दिवस कुठल्याच निश्चयात बसवू नये.) मूळ विषय गड-किल्ल्यांचा. पण बोलता बोलता ऊर्जेच्या स्वराज्यावर आलो आणि तोंडून निघून गेले : “चारशे अडतीस! हा आकडा उद्या जग आपल्या बारामतीच्या नावाने ओळखेल!” लोक उभे राहिले. आकडा कशाचा, हे एकानेही विचारले नाही. याला म्हणतात विश्वास.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
दत्तोबांनी पिंपळीच्या फाट्यावर फ्लेक्स लावला. माझा हात उंचावलेला फोटो, खाली “वाणीभूषण डॉ. रविराज देवकाते यांचे हार्दिक अभिनंदन. ४३८.” फोन करून म्हणालो, दत्तोबा, डॉक्टर अजून नाही झालो. म्हणाले, “सर, मार्चमधी व्हणारच हाय न्हवं? मग परत कशाला छापायचा?” मुद्दा बिनतोड होता.

२४ फेब्रुवारी, सोमवार
मॅडमनी एक नंबरच्या डबीतली चिमूटभर पूड गेल्या आठवड्यात मागून घेतली होती. निकाल : १७२. पाच हजार चक्रांनंतर शहाण्णव टक्के शिल्लक. मॅडमचा चेहरा उजळलेला. “सर, हेच सादर करा. साधं आहे, पण खरं आहे. फक्त पुन्हा करून दाखवायला अजून दोन ग्रॅम लागेल. आणून द्या, आठवड्यात सगळं बसवते.”
एकशे बाहत्तर! फ्लेक्सवर ४३८ असताना! मी नम्रपणे नकार दिला. पाच नंबरचे रहस्य उलगडेपर्यंत थांबू.
चिमूट काढताना डब्या हलक्या लागल्या होत्या. ओलावा उडाला असणार. चांगली खूण आहे.
आज एकादशी, सासूबाईंचा कडक उपास. पाण्याशिवाय तोंडात काही नाही, म्हणाली अनिता.

१ मार्च, शनिवार
सासूबाईंचा डावा डोळाही झाला. उजव्याने आता लख्ख दिसते. आरशासमोर बराच वेळ उभ्या होत्या. अनितामार्फत निरोप : “जावईबापूंना म्हणावं, तुमच्या घरचं पाणी लई गुणाचं हाय.” बोअरच्या या खारट पाण्याची एवढी स्तुती अजून कुणी केली नव्हती. वक्तृत्वाचे श्रेय पाण्याला गेले, पण घरातल्या घरात आहे.

८ मार्च, शनिवार
महिला दिन. तीन ठिकाणी.

१४ मार्च, शुक्रवार
पाच नंबर संपला. खरवडून खरवडून अकरा वेळा चाचण्या केल्या. दर वेळी पहिल्या चक्रात झेप, मग चहा. धुळवडीच्या सुट्टीतही लॅब उघडून बसलेल्या मॅडमनी आज खुर्ची ओढून मला समोर बसवले. माझ्या विद्यार्थिनीने मला बसवले. “सर, दहा दिवस राहिलेत. दोन ग्रॅम. मी हात जोडते.”
रणनीती म्हणून मान्य केले. आधी १७२ ने पदवी, मग ४३८ ने जग. मन हलके झाले. आता सारे सोपे आहे. परवा रविवारी डब्या घेऊन स्वतः मॅडमकडे जातो.

१६ मार्च, रविवार. सकाळी १०.४०
हे लिहायला मन तयार नाही. लिहितो.
मागच्या खोलीकडे गेलो. पायरीवर सासूबाई. डाव्या हातात पांढरी डबी, उजवे बोट दातांवर. मला पाहताच तोंडावर पदर घेऊन उठल्या आणि गेल्या. फळीवर तीन डब्या. उघडल्या. रिकाम्या. बोटाने पुसून घेतल्यासारख्या स्वच्छ. चौथी त्यांच्या हातात गेली.
अनिता जाऊन बोलून आली. तिने सांगितले ते तसेच उतरवतो. आई म्हणाली, “त्यांनी तंबाखू बंद केली म्हून मी माझी डबी, तीबी असलीच दवाखान्याची पांढरी, तिथं फळीवर ठिवली. तिथं कोन जातंय? जावईबापू तर कवाच जात न्हाईत. मग एक दिस माझी डबी सापडंना. डोळ्याला पट्टी. चाचपलं, दुसरी घावली. मला वाटलं हीच. चव लागंना, डोस्कं धरायचं, पन कुनाला सांगायचं? ती संपली, म्होरली घावली. देव देतोय म्हनलं.”

त्याच दिवशी, दुपारी
म्हणजे पाच नंबर मी केला नव्हता. तो सासूबाईंनी तव्यावर भाजला होता.

त्याच दिवशी, संध्याकाळी
एक विचार. तंबाखू ही वनस्पती आहे. वनस्पतीपासून इलेक्ट्रोड करतात. ‘मिश्रीजन्य उच्चक्षमता इलेक्ट्रोड’ हे शीर्षक वाईट नाही. पण चाळीस चक्रांत चहा होतो. आणि इंदापूरला काय सांगू?
अनिता शेजारी येऊन बसली. हळूच म्हणाली : “अहो, ते खवल्याचं आईला कधीच कळता कामा नये.” एकादशीला, माळ घातलेल्या बाईने, चिलापी.
हिशेब चुकत नाही. एकोणीस एकर दातांना लावले.

१७ मार्च, सोमवार
मॅडमना सांगितले. सगळे. त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. खांदे हलत होते. वळल्या तेव्हा डोळे पुसत होत्या, पण आवाज सरळ होता. “चौथ्या डबीत किती उरलंय?” वजन केले. तीन दशांश ग्रॅम. “कमी पडतं सर.” नवा कोळसा? “कॉइल अजून आली नाही. मी जानेवारीपासून सांगत होते, जास्तीचा करून ठेवा.” खरे आहे. सांगत होत्या. मी तेव्हा कुठेतरी बोलत होतो.
अल्लाबक्षभाईंची माफी मागायची आहे. उद्या.

२४ मार्च, सोमवार
समिती. तिघेजण. माझ्याकडे एका चिमटीचा एक आलेख. पण माणूस आकड्यांवर जगत नाही. पन्नास मिनिटे बोललो. बॅटरीचे पोट, वीस गुंठे, ऊर्जेचे स्वराज्य. टाळ्या पडल्या, हे खोटे नाही. मधल्या सरांनी चष्मा काढून पुसला. मी समजलो, गहिवरले. चष्मा घालून म्हणाले, “फार सुंदर. आता उरलेले निकाल दाखवा.”
मी पाणी प्यालो. मग मॅडम उठल्या आणि माझ्या वतीने म्हणाल्या, “निकाल एकच आहे सर. तो खरा आहे, पण एकच आहे.” माझ्या वतीने आजवर कुणी बोलले नव्हते.
शेरा : अपुरे.
बाहेर अल्लाबक्षभाई दिसले. माफी मागितली. म्हणाले, “जाऊ द्या सर. त्या दिशीचं भाषन चांगलं झालं हुतं.”

३१ मार्च, सोमवार
नोंदणी रद्द. ईमेल दोन ओळींचा. माझे नावसुद्धा त्यात नाही, नुसता क्रमांक. दत्तोबांना फोन केला, फ्लेक्स काढा म्हणून. म्हणाले, “सर, ऊन लई हाय. त्याच्या सावलीला लोकं एष्टीची वाट बघत्यात. ऱ्हाऊ द्या की.”

५ एप्रिल, शनिवार
कॉइल आली.

६ एप्रिल, रविवार
सासूबाई पुढच्या शनिवारी गावी जाणार. अनितामार्फत निरोप : “जावईबापूंना म्हणावं, ती काळी पूड आजून हाय का? तंबाखूची आता आठवनबी येत न्हाय. गल्लीतल्या बायका दात बघून इचारत्यात.”
अनिता माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे. चिलापी पुन्हा नाही, एवढे दोघांनाही नजरेत कळले. इंदापूरला एका रसवाल्याकडून डाळिंबाची साल आणली, दोन पोती.

११ एप्रिल, शुक्रवार
पाच दिवस पहाटे पाचला उठलो. खरोखर पाचला. साल वाळवली, जाळली, छिद्रे पाडली, सात वेळा धुतली, लिटमस कागद प्रत्येक वेळी लावून पाहिला. वहीत तापमान, वेळ, वजन, सगळे आहे. सत्तावीस ग्रॅम. भाषण एकही नाही. या आठवड्यात कुणी बोलावलेही नाही.
मॅडमनी डबी उजेडात धरून पाहिली. म्हणाल्या, “सर, हे फार चांगलं झालंय. एक चिमूट मोजू?” मी म्हणालो, नको. पुरायला हवी.

१२ एप्रिल, शनिवार
डबीवर लेबल लावले. आठ वर्षांतले पहिले. “तानूबाई. दातांसाठी. शाकाहारी. ११/४/२५.” निश्चय क्र. ४ पाळला.
सासूबाईंना एष्टीत बसवायला गेलो. खिडकीतून डबी हातात दिली. त्यांनी लेबल डोळ्यांजवळ धरले, अक्षर अक्षर लावून वाचले आणि कधी नव्हे ते माझ्याकडे थेट बघून बोलल्या.
“जावईबापू, दवाखान्यातून येताना फाट्यावर तुमचा फोटू बघितला. डाक्टर लिवलंय. दाताचंच न्हवं?”
एष्टी सुरू झाली होती. बोलायला वेळ फार नव्हता.
“व्हय,” म्हणालो.